पोलिसांचं बोलणं कुणी ऐकायचं?



मागच्या महिन्यात शाळेची मुलं आपलं केंद्र बघायला आली होती. माईक बघून झाला, हेडफोन कानाला लावून झाले, प्रत्येकाचं नाव रेकॉर्ड करून त्यांना ऐकवून झालं. जाता जाता सातवीतली एक मुलगी बटणांच्या त्या मोठ्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणाली, "ताई, ह्याच्यावर पोलिसांचं बोलणं ऐकू येतं का?"

सगळे हसले. मीही हसले. म्हटलं, अगं, आपलं केंद्र नुसतं बोलतं, ऐकत नाही. पण घरी जाताना एसटीत बसल्यावर ते डोक्यातून जाईना. पोरीचा प्रश्न काही खुळा नव्हता. पोलिसांचा बिनतारी संचही रेडिओच आहे. तोही हवेतूनच बोलतो. मग आपल्याला का ऐकू येत नाही? आणि ऐकू यायला हवं का?

शोधत गेले तर कळलं की अमेरिकेत याच प्रश्नावर मोठा वाद चाललाय. तिथं लोक नव्वद वर्षं पोलिसांचं बोलणं घरी बसून ऐकत आलेत आणि आता एकेका शहरात ते बंद होतंय. आज तेच सांगणार आहे. न्यूयॉर्कच्या पोलिसांशी आपला काय संबंध, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. त्यात बाईमाणसाचं नाव पुढे केलं जातंय, म्हणून मी हा विषय घेतला.

आधी यंत्राचं सांगते. रेडिओची लहर म्हणजे दवंडी. दवंडी पिटणारा एकाला सांगत नाही, वाटेवरच्या सगळ्यांच्या कानावर ती पडते. रेडिओचंही तसंच, फक्त ती ऐकायला त्या पट्ट्यावर लावलेला संच हवा. 1928 साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात पोलिसांच्या गाड्यांत पहिल्यांदा रेडिओ बसवले, तेव्हा गाडीतल्या शिपायाला नुसतं ऐकता यायचं, उलट बोलता यायचं नाही. पुढे 1933 मध्ये बेयॉन नावाच्या गावात दोन्हीकडून बोलण्याची सोय झाली. गंमत म्हणजे त्या काळातल्या घरगुती रेडिओवरही पोलिसांचा पट्टा लागायचा. कित्येक संचांच्या तबकडीवर चक्क 'पोलीस' असं छापलेलं असायचं. रात्रीची जेवणं आटोपली की माणसं गाणी ऐकावीत तशी ते ऐकत बसत.

नंतर स्कॅनर आला. हे खास ऐकण्याचंच यंत्र. एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर आपोआप फिरत राहतं आणि कुठं बोलणं लागलं की थांबतं. तिथल्या लहान गावांत घरात स्कॅनर असणं काही नवलाचं नव्हतं. कुठं आग लागली, कुठल्या रस्त्यावर अपघात झाला, हे त्यावर आधी कळायचं. बातमीदार तर त्याच्यावरच जगायचे. न्यूयॉर्कमध्ये वीजी या नावाने फोटो छापणारा एक माणूस होता. 1938 मध्ये त्याने परवानगी घेऊन आपल्या गाडीतच पोलिसांचा रेडिओ बसवून घेतला होता. 1986 च्या कायद्यातही तिथं अशी सोय ठेवली की पोलिसांचं जे बोलणं उघडं आहे ते नागरिकाने ऐकलं तर गुन्हा नाही.

आपल्याकडे तसं नाही, हे इथंच सांगून ठेवते. आपल्याकडे बिनतारी यंत्राला परवाना लागतो, 1933 च्या कायद्यापासून तोच नियम आहे. म्हणून उद्या कुणी पोरगं ऑनलाइन वॉकीटॉकी मागवून पोलिसांचा पट्टा शोधायला लागलं, तर त्याला आधी थांबवा. मी आज सांगितलं म्हणून असलं काही करायचं नाही.

आता तिथं बंद कसं करतात? लहानपणी आपण 'च' ची भाषा बोलायचो, आठवतं? मी येते म्हणजे 'चीम चेतेय'. आईला ऐकू यायचं, कळायचं काहीच नाही. एन्क्रिप्शन म्हणजे तसंच, फक्त ते यंत्र करतं आणि इतकं अवघड करतं की ज्याच्या संचात किल्ली आहे त्यालाच उलगडतं. दवंडी पिटली जाते, पण ती गावाला न कळणाऱ्या भाषेत.

न्यूयॉर्कच्या पोलिसांनी जुलै 2023 मध्ये ब्रुकलिनच्या उत्तर भागातल्या सहा ठाण्यांपासून हे सुरू केलं. सगळ्या शहराचे नवे संच आणि यंत्रणा मिळून खर्च सांगितला गेला सुमारे 39 कोटी डॉलर. कारणं तीन दिली. चोर स्कॅनर ऐकून पळ काढतात, काही टवाळ मधेच पोलिसांच्या पट्ट्यावर घुसून खोटं बोलतात, आणि तक्रार करणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन नंबर सगळ्या जगाला ऐकू जातो.

हे तिसरं कारण वाचलं आणि मी पुढचं वाचायची थांबले. मला आमच्या प्रभागातली एक मैत्रीण आठवली.

दोन-तीन वर्षं झाली असतील. रात्री दहाच्या सुमाराला नवरा मारायला लागला तेव्हा तिने 112 ला फोन केला. फोन करायचा हे आम्हीच ग्रामसंघाच्या बैठकीत शिकवलं होतं. गाडी आली, वेळेवर आली, ते खोटं नाही बोलणार. पण गाडीतल्या माणसाने पाराजवळ गाडी थांबवून बसलेल्या गड्यांना मोठ्यांदा विचारलं, नवऱ्याची तक्रार केलेली ती बाई कुठं राहते? नाव घेऊन विचारलं. सकाळी नळावर दुसरा विषय नव्हता. ती मला म्हणाली, "ताई, मार काय, चार भिंतींच्या आत होता. आता रस्त्याने जायची सोय राहिली नाही." त्यानंतर दोन वेळा तिला मार बसला, हे मला फार उशिरा कळलं. तिने फोन केला नव्हता.

म्हणून मला त्या तिसऱ्या कारणाची टर उडवता येत नाही. तिथं तर नियंत्रण कक्षातून गाडीला सांगताना घराचा नंबर, बाईचं नाव, कधी जन्मतारीख सुद्धा हवेतून जायची. स्कॅनरचं बोलणं आता इंटरनेटवरही ऐकता येतं, म्हणजे मोबाइलवर. ज्याच्या भीतीने बाई घर सोडून गेली, त्याच्याच खिशातला मोबाइल तिचा नवा पत्ता सांगणार. हे उघडं राहू द्या, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

पण त्याच ब्रुकलिनची दुसरी गोष्ट ऐका. उत्तर ब्रुकलिनमध्ये बेडफर्ड-स्टायव्हेसंट म्हणून मोठी वस्ती आहे. तिथं काळ्या लोकांची संख्या मोठी, गरिबी होती, आणि सरकारी अँब्युलन्स यायला फार वेळ लागायचा. 1988 मध्ये जेम्स रॉबिन्सन आणि ज्यो पेरेझ या दोघांनी तिथं लोकांची स्वतःची अँब्युलन्स सेवा सुरू केली. रॉबिन्सन स्वतः तातडीच्या वैद्यकीय सेवेत काम केलेले, त्यांना रॉकी म्हणत. सेवा म्हणायची, पण सुरुवातीला त्यांच्याकडे अँब्युलन्सच नव्हती. पडक्या इमारतीत बसायचं, स्कॅनरवर आणीबाणीचा निरोप ऐकायचा आणि औषधाची पेटी घेऊन पायी धावत सुटायचं. गोळी लागलेला, गाडीखाली आलेला, बाळंत होणारी बाई, जिथं सरकारची गाडी अजून वाटेत असायची तिथं ही माणसं पोचलेली असायची. पुढे त्यांनी त्याच वस्तीतल्या तरुण मुलामुलींना प्रथमोपचाराचं शिक्षण दिलं.

मला हे आपल्या बचत गटासारखं वाटलं. कुणी येत नाही ना, मग आपण करू. आणि त्यांचं भांडवल काय होतं? ऐकू येणं. दुसरं काहीच नव्हतं.

आता पोलिसांचा रेडिओ बंद करायला सुरुवात केली तीही त्याच उत्तर ब्रुकलिनमधून. नोव्हेंबर 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या नगरपरिषदेत सुनावणी झाली, तिथं बातमीदार आणि लोकांचे प्रतिनिधी यांनी विचारलं की आम्हाला कळणार कसं? पोलिसांचं म्हणणं थोडक्यात असं की कळवायचं ते आम्ही कळवू.

इथं माझा पाय अडखळतो. 2020 च्या मे महिन्याच्या शेवटी जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर न्यूयॉर्कमध्ये मोर्चे निघाले. त्या दिवसांत स्कॅनर ऐकणाऱ्यांनी पोलिसांच्या पट्ट्यावर कुणीतरी मोर्चेकऱ्यांवर गाडी घालायची भाषा करताना ऐकलं. त्यावर दुसऱ्या आवाजात उत्तर आलं, त्याचा अर्थ एवढाच होता की हे हवेवर बोलू नकोस. 'असं बोलू नकोस' नव्हे, 'हवेवर' बोलू नकोस. हे बाहेर आलं कारण पट्टा उघडा होता. किल्ली लावलेली असती तर पोलिसांनी स्वतःहून हे आपल्याला कळवलं असतं का?

तर पोलीस म्हणतात बाईचं नाव झाकायचं आहे. बरोबर आहे. पण नाव झाकताना त्याच चादरीखाली त्यांचं सगळं कामही झाकलं जातंय. आपल्या नावाची ढाल करून दुसरंच काही वाचवलं जात असेल, तर ते आपल्याला कळायला नको का?

उघडं ठेवलं की सगळं सुरळीत, असंही नाही. 2013 च्या एप्रिलमध्ये बॉस्टन शहरात मॅरेथॉनच्या वेळी बॉम्ब फुटले, तीन माणसं गेली. चार दिवसांनी पोलीस संशयितांच्या मागे लागले, तेव्हा हजारो लोक इंटरनेटवरून पोलिसांचा रेडिओ ऐकत होते आणि ऐकलं ते पुढे पाठवत होते. शेवटी पोलिसांना सांगावं लागलं की आमची माणसं कुठं उभी आहेत ते जाहीर करू नका. त्या रात्री एक नाव पसरलं. महिनाभर बेपत्ता असलेला भारतीय वंशाचा एक विद्यार्थी, त्याच्या घरचे आधीच त्याला शोधून थकलेले. लोक छातीठोकपणे सांगत होते की पोलिसांनीच स्कॅनरवर त्याचं नाव घेतलं, आम्ही कानांनी ऐकलं. नंतर तपासलं तर त्याचं नाव पोलिसांच्या रेडिओवर कुणी घेतलेलंच नव्हतं. त्या मुलाचा बॉम्बशी काही संबंध नव्हता, आणि पुढे कळलं की तो आधीच वारला होता. त्या आईवडिलांचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

ऐकणं वेगळं आणि ऐकलं म्हणून सांगणं वेगळं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षा मागणाऱ्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. तिथं स्कॅनर नव्हता. व्हॉट्सॲप होतं. मराठवाड्यात रात्रीच्या ड्रोनची हवा उठली होती तेव्हाचंही आठवत असेल. आमच्याकडेही आठवडाभर कुणी झोपलं नाही. रोज कुणीतरी म्हणायचं, शेजारच्या गावात चोर सापडले, पोलिसांनी पकडले. ठाण्यात फोन लावला तर उचलायचे नाहीत, उचलला तर "चौकशी चालू आहे." त्याच आठवड्यात चादरी विकायला आलेल्या एका माणसाला पोरांनी घेरलं. आमच्या गटाच्या अध्यक्ष काकू, वय बासष्ट, सरळ मधे जाऊन उभ्या राहिल्या. त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि पोरांना म्हणाल्या, आता मारायचं तर आधी मला मारा. तो माणूस दोन चादरी तिथंच ठेवून गेला, पैसे घेईना. काकूंनी त्या अजून वापरलेल्या नाहीत.

त्या आठवड्यात ठाण्याकडून रोज संध्याकाळी कुणी पाच मिनिटं खरं सांगितलं असतं, अमुक गावात काही घडलं नाही, तमुक ठिकाणी माणूस पकडलेला नाही, तर त्या पोरांच्या हातात काठ्या आल्या नसत्या, असं मला वाटतं. खात्री नाही देत. राईनपाडा आठवलं की खात्री वाटत नाही. पण खरं बोलणारा गप्प बसला की खोट्याला रान मोकळं मिळतं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग अमेरिकेत मधला रस्ता कुणी काढला का? शिकागोने काढला तो मला पटत नाही. तिथं पोलिसांचं बोलणं लोकांना अर्ध्या तासाने ऐकू येतं. दूध उतू जाऊन शेगडी विझल्यावर हाक मारली तर उपयोग काय? बातमीदाराला चालेल कदाचित, ज्याच्या गल्लीत गोळीबार चाललाय त्याला नाही चालायचं. डेन्व्हर शहराने 2019 मध्ये सरसकट बंद केलं आणि वर्तमानपत्रांना म्हणाले, आमच्या करारावर सही करा, मग ऐकू देतो. त्यांनी सही केली नाही.

मला पटला तो कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो या गावाचा मार्ग. 2020 च्या ऑक्टोबरात त्या राज्याच्या न्याय खात्याने सगळ्या पोलिसांना कळवलं की लोकांची खाजगी माहिती उघड्या पट्ट्यावर बोलायची नाही. एकतर एन्क्रिप्शन करा, नाहीतर ती माहिती हवेवर जाणार नाही अशी दुसरी काही पद्धत ठेवा. बहुतेकांचं लक्ष पहिल्यावरच गेलं, कारण बटण दाबलं की काम झालं. पालो आल्टोनेही 2021 च्या जानेवारीत पट्टा बंद केला. लोकांनी, तिथल्या वर्तमानपत्रांनी पाठपुरावा सोडला नाही. पुढच्या वर्षी नवे पोलीस प्रमुख आले आणि त्यांनी दुसरा मार्ग धरला. माणसाचं नाव, जन्मतारीख, परवान्याचा नंबर असलं काही असेल तर ते फोनवरून किंवा गाडीतल्या कॉम्प्युटरवरून सांगायचं. बाकी बोलणं उघडं. 2022 मध्ये त्यांचा पट्टा पुन्हा लोकांना ऐकू यायला लागला.

बघा, म्हणजे करता येतं. थोडी जास्त मेहनत पडते इतकंच. शिपायाला बोलायच्या आधी क्षणभर विचार करावा लागतो की हे नाव आत्ता मोठ्याने घेऊ का. आमच्या पाराजवळच्या त्या गाडीतल्या माणसाने तो क्षण घेतला असता तर माझ्या मैत्रिणीने पुढच्या वेळी फोन केला असता. त्याच्या संचाला कितीही भारी किल्ली असती तरी काय फरक पडणार होता? नाव तर त्याने तोंडाने फोडलं.

आपल्या कायद्यातही नाव झाकणं आणि काम दाखवणं हे दोन्ही आहे, म्हणून ते नीट लक्षात ठेवा. तुम्ही ठाण्यात तक्रार दिली आणि गुन्हा दाखल झाला तर एफआयआरची प्रत तुम्हाला फुकट मिळते. तो तुमचा हक्क आहे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलेला. कुणी झेरॉक्सचे पैसे मागितले तरी द्यायचे नाहीत. सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये सांगितलं की एफआयआर चोवीस तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर टाकायचा, जिथं इंटरनेटची अडचण असेल तिथं बहात्तर तासांपर्यंत. पण लैंगिक अत्याचारासारखे नाजूक गुन्हे त्यातून वगळलेत, ते टाकायचे नाहीत. आणि बलात्कार झालेल्या बाईची ओळख जो छापेल किंवा जाहीर करेल त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. व्हॉट्सॲपवर नाव फिरवणाऱ्या भाऊंनाही हे ऐकवा.

आणखी एक, आपल्या केंद्राशी संबंध आहे म्हणून सांगते. 9 फेब्रुवारी 1995 ला सुप्रीम कोर्टाने क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या एका खटल्यात म्हटलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या निकालामुळे पुढे सामुदायिक रेडिओची वाट उघडली. बायकांनी हवेवर बोलावं हे त्यातून शक्य झालं. तरी अजून आम्हाला इथून स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या आहेत तशा ऐकवता येतात. हवामान, वीज, पाणी, परीक्षा, रस्ते यांची माहिती देता येते. लहरी सगळ्यांच्या, पण कुणी काय बोलायचं आणि कुणी काय ऐकायचं हे ठरवणारे दुसरेच. सातवीतल्या त्या पोरीला हे कसं समजावायचं, मला अजून सुचलेलं नाही.

आमच्या ग्रामसंघाने एक ठरवलंय. पुढच्या महिन्यात ठाण्याच्या साहेबांना दोन अर्ज द्यायचे. एकात लिहिलंय की 112 वर फोन करणाऱ्या बाईचं घर शोधताना तिचं नाव गावात विचारू नका. तिच्याच नंबरवर फोन करा, तो लागला नाही तर आमच्या गटातल्या ठरलेल्या दोन बायकांना करा, त्या वाट दाखवतील. दुसऱ्यात लिहिलंय की अफवा उठेल तेव्हा रोज संध्याकाळी ठाण्याकडून ग्रामपंचायतीला खरी माहिती यावी, फळ्यावर लिहू आम्ही. पहिल्या अर्जावर आतापर्यंत एकोणचाळीस सह्या झाल्या. दुसऱ्यावर अकराच, कारण काही जणींना वाटतंय की पोलिसांना हिशेब कशाला विचारायचा. त्यावर पुढच्या बैठकीत बोलणं होईल.

माझ्या त्या मैत्रिणीने दोन्हींवर सही केली. वाट दाखवणाऱ्या दोघींमध्ये तिने स्वतःचं नाव घालायला सांगितलंय.

पुढच्या मंगळवारी याच वेळेला भेटू, शेळीच्या विम्याची राहिलेली माहिती घेऊन. नमस्कार.